बायपास झाला तरी समांतर रस्ते लागणारच

जळगावात हायवेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "आता बायपास आहे ना, मग समांतर रस्ते कशाला?" प्रश्न विचारणाऱ्याचं चुकतं असं नाही. दोन्हींची मागणी एकाच कारणातून, अपघातांतून, पुढे आली. त्यामुळे एक मिळालं की दुसऱ्याची गरज संपली असं वाटतं. पण दोघांचे प्रवासी वेगळे आहेत.

सुरतेकडून धुळे, पारोळा, एरंडोल करत येणारा हा रस्ता जळगावातून भुसावळ, मुक्ताईनगरकडे जातो. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. पाळधी ते तरसोद बायपास शहराला वळसा घालतो. ज्या कंटेनरला जळगावात काहीच उतरवायचं नाही, त्याच्यासाठी तो आहे. अशी वाहनं शहराबाहेरून गेली तर मोठाच दिलासा, यात वाद नाही. मात्र एमआयडीसीत माल नेणारा ट्रक, बसस्थानकात येणारी एसटी, बाजार समितीकडे निघालेला केळीचा टेम्पो हे सगळे शहरातच येणार.

आता खोटेनगरहून अजिंठा चौफुलीकडे स्कूटीवर निघालेली बाई घ्या. किंवा बांभोरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला, विद्यापीठाला जाणारी पोरं. यांना बायपासचा काय उपयोग? त्यांचा प्रवास शहरातल्या शहरात किंवा शहराच्या वेशीपर्यंतचा. ती जुन्याच हायवेवर राहणार, आणि जड वाहनं कमी झाल्यावर उरलेल्या गाड्यांचा वेग वाढणार. ताशी ४० ऐवजी ८० च्या वेगाने आलेल्या गाडीच्या धडकेत चौपट ऊर्जा असते. म्हणजे मोकळा झालेला रस्ता दुचाकीवाल्याला आपोआप सुरक्षित होत नाही, उलट जास्त धोक्याचाही ठरू शकतो. समांतर रस्ता नेमका यांच्यासाठी. मुख्य रस्त्याला लागून, पण दुभाजकाने वेगळा. दूधवाला, सायकल, रिक्षा, शाळेची व्हॅन यांनी हायवेवर न चढता इकडून तिकडे जावं म्हणून.

अर्थात, हायवेला चिकटून नुसती डांबराची पट्टी टाकली की समांतर रस्ता झाला, असं होत नाही. तो सलग हवा. बऱ्याच ठिकाणी नाला किंवा पूल आला की तो संपतो आणि दुचाकीस्वाराला भरधाव वाहनांत घुसावं लागतं. जिथे सुरक्षितता सर्वांत जास्त लागते तिथेच ती तुटते. दुसरं म्हणजे, समांतर रस्ता हायवेच्या कडेने नेतो, पलीकडे नेत नाही. त्यासाठी भुयारी मार्ग लागतो, आणि तोही लोक रोज जिथे ओलांडतात तिथे. लांब पडला की लोक उलट्या दिशेने गाडी घालतात. त्यांना शिव्या देऊन उपयोग नाही, आखणीच तशी असते. आणि एवढं करून त्यावर हातगाड्या लागल्या, पार्किंग झालं, की माणूस पुन्हा हायवेवरच.

बायपासची देखभाल वेगळ्या अर्थाने अवघड. महामार्गावर परवानगीशिवाय रस्ता जोडायला २००२ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ढाबे, प्लॉट, गोदामं येतात आणि जागोजागी तोंडं फुटतात. असं होऊ दिलं तर काही वर्षांत तोच बायपास शहरातला रस्ता बनतो.

एक बाब चर्चेत फारशी येत नाही. बायपास सुरू झाला की शहरातला जुना भाग सहसा एकदा दुरुस्त करून राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेकडून राज्य किंवा स्थानिक यंत्रणेकडे सोपवला जातो. त्यानंतर राहिलेले समांतर रस्ते, गटारी, दिवे यांचा खर्च कोणी करायचा? महापालिकेच्या तिजोरीकडे पाहता ही कामं मागे पडण्याचीच शक्यता जास्त. म्हणून हस्तांतरणाआधीच नकाशा मागवून पाहायला हवा: समांतर रस्ता कुठे तुटतो, नाल्यावर त्याचा स्वतंत्र पूल आहे का, आणि आपल्या चौकातून पायी पलीकडे कसं जायचं.