‘लेस’ म्हणजे कमी नव्हे

दादरच्या बाजारात पडद्याच्या कापडावर ‘वॉशेबल’ अशी चिठ्ठी दिसते, आणि गल्ल्यापाशी ‘कॅशलेस’ अशी पाटी. ‘कॅशलेस’ म्हणजे कमी रोख, असा अर्थ पुष्कळजण लावतात, कारण ‘कमी’ या अर्थाचा ‘लेस’ शाळेपासून ओळखीचा असतो. प्रत्यक्षात हे दोन ‘लेस’ निराळे आहेत. विशेषण घडवणारा ‘लेस’ जुन्या इंग्रजीतील ‘विरहित’ या अर्थाच्या शब्दापासून आला असून ‘सैल’ या अर्थाचा ‘लूज’ त्याच्याच कुळातला आहे. म्हणूनच ‘होमलेस’ म्हणजे बेघर. लहान घरात राहणारा नव्हे, नाहीतर निम्मी मुंबई त्यात मोडली असती.

‘प्राइसलेस’पाशी मात्र विद्यार्थी हमखास अडखळतात. ज्याला किंमत नाही ते कवडीमोल हवे, मग ते अनमोल कसे? उत्तर मराठीतच आहे: ‘अमूल्य’ म्हणजे ज्याचे मूल्य ठरवता येत नाही ते. कवडीमोलासाठी इंग्रजीने ‘वर्थलेस’ वेगळा ठेवला आहे.

‘वॉशेबल’मधील ‘एबल’ची कथा अधिक रंजक आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा आला, त्यांच्या शेवटी चिकटून हा मूळचा लॅटिन प्रत्यय इंग्रजीत शिरला आणि पुढे ‘वॉश’, ‘ड्रिंक’, ‘रीड’ अशा अस्सल इंग्रजी धातूंनाही बिनदिक्कत लागू लागला. त्याचा जुळा ‘इबल’ मात्र ‘व्हिजिबल’, ‘पॉसिबल’ अशा लॅटिन घरातच राहिला. आजचा नवा शब्द ‘गूगलेबल’ होतो, ‘गूगलिबल’ नाही. आपल्याकडे फारसी ‘दार’ने हेच केले: ‘जमीनदार’, ‘अब्रूदार’ यांच्याबरोबर आला आणि ‘चवदार’, ‘पाणीदार’ करून घरचाच झाला.

‘इश’ सर्वांत लवचीक. आधी तो लोकांना लागे, जसे ‘डॅनिश’. मग रंगांना लागला, आणि आपला ‘हिरवट’ तिथे ‘ग्रीनिश’ झाला. आता कचेरीतली तरुण मंडळी ‘सातिश भेटू’ म्हणतात, तिथे आपण ‘सातच्या सुमारास’ म्हणतो. अलीकडे तर इंग्रजीत तो शब्दाशिवाय एकटाही वावरतो. ‘भूक लागली का?’ या प्रश्नाला ‘इश’, म्हणजे ‘थोडीशी’, एवढेच उत्तर मिळते, आणि मराठी कानाला वाटते की समोरचा लाजला.