टेफ्लॉन टेप की वॉशर? सिंकखालची गळती नक्की कोण थांबवतं

सिंकखाली पाणी दिसलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला, "टेफ्लॉन मार की". मीपण मारला. वेस्ट पाइपचा नट काढला, कपलिंगच्या (सिंकच्या भोकात बसवलेला जाळीवाला भाग, त्यालाच खाली पाइप जोडतात) आट्यांवर चांगला जाडजूड टेप गुंडाळला, परत नट आवळला आणि पाणी आधीपेक्षा जास्त यायला लागलं, बायको म्हणे आधीच बरं होतं.

झालं काय, की टेफ्लॉन आणि रबरी वॉशर ही दोन्ही गळती थांबवायचीच कामं करतात म्हणून आपण त्यांना एकमेकांच्या जागी चालवून घेतो, पण दोघांची जागाच वेगळी. टेफ्लॉन कुठे, तर जिथे आटेच पाणी अडवतात तिथे. म्हणजे भिंतीतून आलेला अर्धा इंची अँगल कॉक, सिंकखाली पाणी बंद करायचा तो छोटा नळ. पूर्वी तिथे सफेदा लावून सूत गुंडाळायचे, आता टेप. नॉनस्टिक तव्यावर असतं तेच हे मटेरियल, गुळगुळीत, त्यामुळे आटे जास्त आत जातात आणि उरलेल्या फटी टेपने भरतात. शिवाय तिथे प्रेशर असतं, टाकी दहा मीटर वर असेल तर साधारण 1 बार, आणि नळ उघडा असो की बंद, ते चोवीस तास ढकलत असतं. (टेप गुंडाळताना आट्याचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा, उलटा गुंडाळला तर आवळताना सुटून येतो.)

वेस्ट पाइपचं गणितच वेगळं. तिथे आटे पाणी अडवतच नाहीत, त्यांचं काम फक्त नट वर ओढायचं. नट पाइपची कॉलर वर दाबतो, कॉलर आणि कपलिंगच्या मध्ये वॉशर चेपला जातो, आणि पाणी अडतं ते त्या चेपलेल्या रबराने. आता आट्यांवर टेपचा गठ्ठा असेल तर नट मध्येच जाम होतो, हाताला वाटतं झाला टाइट, पण वॉशर दाबलाच गेलेला नसतो. माझं हेच झालेलं. टेप खरवडून काढला, नवीन वॉशर बसवला, नट हाताने घट्ट करून वर पान्याने जेमतेम पाव फेरा, बास. इथे प्रेशर म्हणजे काय तर सिंकमधलं वीतभर पाणी, त्यासाठी प्लास्टिकच्या नटावर ताकद लावली तर तो तडकतो आणि मग नवीन पाइपच आणावा लागतो.

बॉटल ट्रॅप (वेस्ट पाइपमधला बाटलीसारखा भाग, ज्यात थोडं पाणी साचून राहतं) असेल तर वॉशर बहुतेक एका बाजूने निमुळता असतो, त्याची निमुळती बाजू नटाकडे नाही तर पाइप ज्यात शिरतो त्या भागाकडे. उलटा बसला की ठिबकणार.

पण त्याआधी गळतंय कुठून ते बघा, कारण पाणी वरून निघतं आणि त्या नागमोडी पाइपवरून ओघळत पार खाली जाऊन पडतं, त्यामुळे आपण भलत्याच जॉइंटला दोष देतो. सगळं कोरडं पुसून घ्या, खाली पेपर अंथरा, जाळीला बूच लावून सिंक अर्धं भरा. पाणी तुंबलेलं असतानाच खाली ठिबकलं तर कपलिंग आणि सिंकच्या मधला मोठा वॉशर गेलाय, बऱ्याच कपलिंगला जाळीच्या मधोमध स्क्रू असतो, तो वरूनच आवळून बघा. बूच काढल्यावर ठिबकलं तर खालचा नट नाहीतर पाइपच. आणि सिंक वापरलंच नाही तरी पेपर ओला, तर मग अँगल कॉक किंवा त्याच्यापासून वर नळाला जाणारा कनेक्शन पाइप. त्यातही गंमत आहे, कॉक भिंतीत शिरतो तिथे टेफ्लॉन, पण कनेक्शन पाइपच्या नटात परत वॉशरच असतो!

एमसीलबद्दल विचाराल तर नटावर तर अजिबात थापू नका, दगड होतो, पुढच्या वेळी पाइप कापूनच काढावा लागतो. आणि जुना वॉशर फेकू नका, खिशात टाकून दुकानात न्या, सव्वा इंची आणि दीड इंची नुसते बघून ओळखू येत नाहीत आणि दुकानदार "कुठला?" विचारतो तेव्हा आपण हाताने गोल करून दाखवत बसतो.