चाळिशी

चाळिशी : वयाच्या चाळिशी-पंचेचाळिशीत जवळचे बारीक दिसेनासे होणे, आणि त्यासाठी लावायचा चष्मा. वय, व्यथा आणि वस्तू या तिन्हींना मराठीत हा एकच शब्द पुरतो. ‘चाळिशी उलटली’ हे वयाबद्दल, ‘चाळिशी लागली’ हे नजरेबद्दल आणि ‘माझी चाळिशी कुठं ठेवली?’ हे चष्म्याबद्दल. डॉक्टर याला प्रेसबायोपिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ म्हाताऱ्याचा डोळा. चष्मा हा शब्द फारसीतल्या ‘चश्म’वरून, म्हणजे डोळ्यावरूनच आला. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाची राजवट आणि उर्दूतला कारभार होता, त्यामुळे दखनी बोलणाऱ्या घरांत ‘ऐनक’ही ऐकू येतो. तीन अर्थांचा हा शब्द सोयीचा असला तरी त्याने नुकसानही केले आहे. बेचाळिसाव्या वर्षी चष्मा घेतला की आपण म्हातारे झालो असे कबूल केल्यासारखे वाटते, आणि माणूस दोन-चार वर्षे तशीच ढकलतो.

डोळ्यात काय होते

डोळ्याच्या बाहुलीमागे पारदर्शक, लवचीक नेत्रभिंग असते. ते बारीक तंतूंनी एका वर्तुळाकार स्नायूला टांगलेले असते. दूर पाहताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटे राहते. जवळ पाहायचे झाले की स्नायू आवळतो, तंतू सैल पडतात आणि भिंग आपल्या लवचीकपणाने फुगीर होते. हे स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५५ मध्ये मांडले आणि त्याचा गाभा आजही मान्य आहे. भिंगाची वाढ मात्र जन्मभर चालू राहते. वरून नवे थर चढत जातात, जुने आत दाबले जातात आणि भिंग कडक होत जाते. स्नायू आवळतो, पण भिंग फुगत नाही.

भिंगाची ही फुगण्याची ताकद डायॉप्टर या एककात मोजतात. दहा वर्षांच्या मुलाकडे ती बारा ते चौदा डायॉप्टर असते, चाळिशीत पाचच्या आसपास उरते आणि साठीत एकच्या खाली-वर. ४० सेंटीमीटरवरचा मजकूर वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. पण सगळी ताकद पणाला लावून कुणी तासभर वाचू शकत नाही. निम्मी राखीव असेल तरच डोळा दमत नाही. म्हणजे पाच हव्यात, आणि चाळिशीत नेमक्या तेवढ्याच उरलेल्या असतात. म्हणून नजर एका दिवसात गेल्यासारखी वाटते. खरे तर ती ताकद लहानपणापासूनच कमी होत आलेली असते. पुरेनाशी झाली तेव्हा कळते, एवढेच.

ज्यांना आधीपासून लांबचा उणे नंबर आहे ते चष्मा काढून जवळचे वाचतात आणि आपल्याला चाळिशी आलीच नाही असे सांगत फिरतात. ज्यांना अधिक नंबर आहे त्यांना ती दोन-तीन वर्षे आधी गाठते. उष्ण प्रदेशांत ती थोडी लवकर येते असेही दिसून आले आहे.

पहिल्या खुणा

पेपर लांब धरला जाणे ही सगळ्यांना माहीत असलेली खूण. मराठवाड्यातल्या घरांत तिच्याही आधी दिसते ती सुई. ‘दिसंना झालंय, जरा दोरा ओवून दे,’ असे आई लेकराला म्हणू लागते. वाकळ शिवायला घेतली की चार-पाच सुयांत दोरे आधीच ओवून उशीला टोचून ठेवायचे, ही बायकांनी आपापसांत शोधलेली युक्ती. नंतर तांदळातला खडा दाताखाली येऊ लागतो, आणि निवडणाऱ्या हाताला दोष दिला जातो.

देवनागरी वाचणाऱ्याला चाळिशी स्वतःच्या पद्धतीने छळते. अक्षराचे अंग शाबूत दिसते. आधी हरवते ती शिरोरेषेवरची बारीक वस्ती, म्हणजे अनुस्वार आणि मात्रा. नांदेडचे नादेड होते. मग घ आणि ध, भ आणि म एकमेकांत मिसळतात. मोबाइलवर आलेल्या ओटीपीत इंग्रजी 3 आणि 8 सारखेच दिसतात. सवयीचा वाचक हे संदर्भाने भरून काढतो, म्हणूनच त्याला आपण चुकतोय हे कळत नाही. आकड्यांना मात्र संदर्भ नसतो.

दुसरी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येते, पण उलगडत नाही: तेच पत्र अंगणात वाचता येते आणि घरात येत नाही. जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाड, खिडक्या मोजक्या आणि उजेड बहुतेक दारातून. म्हातारी माणसे निवडणे-टिपणे घेऊन उंबऱ्याजवळ बसतात, ते वाऱ्यासाठी असते तितकेच उजेडासाठीही. प्रखर उजेडात बाहुली बारीक होते आणि लहान छिद्रातून पाहिल्यावर जवळ-दूर दोन्ही थोडे स्पष्ट दिसते. मूठ वळून तिच्या फटीतून कॅलेंडर पाहिले तरी हेच अनुभवता येते. संध्याकाळी वीज गेली की चाळिशी अचानक ‘वाढते’, त्याचे कारणही हेच.

डोळ्यात टाकायचे पिलोकार्पिनचे थेंब याच तत्त्वावर काम करतात. ते बाहुली आकसवतात. अमेरिकेत चाळिशीसाठी त्यांना २०२१ मध्ये मान्यता मिळाली. भारतात २०२४ मध्ये अशाच थेंबांना परवानगी मिळाली, पण चष्मा सुटण्याचे दावे होऊ लागल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी ती काही दिवसांतच स्थगित केली. थेंबांचा परिणाम काही तासच टिकतो, अंधारात दिसणे कमी होते आणि डोके दुखू शकते.

शेतात

चाळिशीचा प्रश्न वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्यात सर्वांत बारीक अक्षरे पोथीत किंवा पेपरात नसतात. ती कीटकनाशकाच्या बाटलीवर असतात. तळहाताएवढ्या लेबलवर पीक, कीड, मात्रा, फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, विषबाधेवरचा उतारा असे सगळे दाटीवाटीने छापलेले असते. विषाची तीव्रता सांगणारा चौकोन रंगीत असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. रंग लांबूनही दिसतो, मात्रा दिसत नाही. ‘२.५ मिली’मधला टिंब दिसला नाही तर पंचवीस मिली होतात, म्हणजे दहापट. बांधावर उभा असलेला पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी बाटली उन्हाकडे तिरपी धरतो, डोळे बारीक करतो, आणि शेवटी दुकानदाराने तोंडी सांगितले होते ते आठवून झाकणाने माप घेतो. घरी चष्मा असतो. पण तो फडताळात असतो, कारण चष्मा ही वाचायला बसल्यावर लावायची वस्तू आहे, शेतात न्यायची नव्हे, असे मनात पक्के बसलेले असते.

साध्या चष्म्याने हाताच्या कामात किती फरक पडतो हे आसामातल्या चहामळ्यांत मोजले गेले. चाळिशीपुढच्या पानतोड्यांना जवळचा चष्मा दिल्यावर, ज्यांना दिला नव्हता त्यांच्या तुलनेत त्यांची पानतोड सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठवाड्यात भाजीपाल्याची रोपे लावणारी, बियाणे निवडणारी, भुसार दुकानात धान्याची प्रत पाहणारी माणसे त्याच वयाची आहेत. चाळिशीवर उपाय न झाल्याने जवळचे नीट न दिसणाऱ्या लोकांची जगातली संख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ८२.६ कोटी आहे.

कामाचे अंतर

चष्म्याचा नंबर वयावर ठरतो, असे चष्मा विकणाराही सांगतो. ढोबळपणे ते बरोबर आहे: पंचेचाळिशीत अधिक एक ते सव्वा, पन्नाशीत पावणेदोन-दोन, साठीत अडीच. पण नंबर जितका वयाचा तितकाच कामाच्या अंतराचाही असतो. मोबाइल एक फुटावर धरला जातो. चौरंगावरची ज्ञानेश्वरी मांडी घालून बसलेल्याच्या डोळ्यांपासून जवळपास दोन फुटांवर असते. मोबाइलसाठी घेतलेला चष्मा लावून पारायणाला बसणारा माणूस म्हणून पोथीवर वाकत जातो आणि तिसऱ्या दिवशी मान धरते. दोष चष्म्यालाही नाही आणि मानेलाही नाही. फक्त त्या अंतरासाठी कमी नंबर हवा होता.

पैठणच्या हातमागावर हे आणखी बारकाईने पाहता येते. पैठणीच्या पदरावरचे मोर, कमळ, वेल हे यंत्राने उठत नाहीत. विणकर ताणाचे रेशमी धागे मोजून त्यांत लहान कांड्यांवरचे रंगीत रेशीम आणि जरीचे धागे हाताने गुंतवतो. एक धागा चुकला की मोराची मान वाकडी, आणि ते कळते पुढची दहा-बारा ओळ विणून झाल्यावर. उकलायला विणण्याहून जास्त वेळ जातो. विणकराचे डोळे धाग्यांपासून पुस्तकापेक्षा दूर असतात, आणि त्याला कडेची नक्षीही एका नजरेत हवी असते. त्याने डॉक्टरकडे जाताना ‘वाचायचा चष्मा हवा’ न म्हणता डोळ्यापासून मागापर्यंतचे अंतर दोरीने मोजून न्यावे. शिंपी, सोनार, घड्याळ दुरुस्त करणारा, सगळ्यांनाच हे लागू आहे. तपासणाऱ्याने विचारायला हवे हे खरे, पण घाईच्या ओपीडीत तो विचारेलच असे नाही.

चष्मा कुठून येतो

पुष्कळांचा पहिला चष्मा आठवडी बाजारातला किंवा बसस्टँडबाहेरचा असतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या गर्दीतही जमिनीवर कापड पसरून चष्मे मांडलेले दिसतात. ‘वय किती, मामा?’ ‘असंल पन्नास.’ ‘मग हा दोनचा लावा.’ पुढ्यात मळका पेपर असतो, तो वाचता आला की सौदा पुरा. याला नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्याच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे आणि ज्याला तिरपा नंबर (एकाच दिशेने लागणारा, सिलिंडरचा) नाही त्याला हा चष्मा चालतो, आणि चष्मा नसण्यापेक्षा तो केव्हाही बरा. अडचण दोन गोष्टींची. दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि काचांमधले अंतर आपल्या डोळ्यांच्या मापाचे असेलच असे नाही, त्यामुळे कपाळ दुखते. दुसरी अडचण मोठी: डोळा कुणी पाहिलेलाच नसतो. काचबिंदू चाळिशीनंतर वाढतो, दुखत नाही, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. तो नंबराच्या तपासणीच्या निमित्ताने सापडतो. मधुमेह असलेल्याने आणखी एक लक्षात ठेवावे: साखर वर-खाली होत असताना नंबरही बदलतो, म्हणून साखर आटोक्यात आल्यावरच चष्मा करावा.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी नजर तपासतात. जालन्याचे श्री गणपती नेत्रालय, उदगीरचे लायन्स नेत्र रुग्णालय ही नावे आसपासच्या जिल्ह्यांतही ओळखीची आहेत. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्या कामामुळे (पद्मश्री, २००८) मोतीबिंदू हा पारावरच्या गप्पांचा विषय झाला. चाळिशीला तसे कुणी मिळालेले नाही. शिबिरे मोतीबिंदूभोवती फिरतात, आणि पंचेचाळिशीचा माणूस रांगेत आपण उगाच आलो असे वाटून अवघडतो.

लांबचा आणि जवळचा दोन्ही नंबर असतील तर बायफोकल. काचेत खाली चंद्रकोरीसारखी खिडकी असते. अशा दुहेरी चष्म्याचे वर्णन बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ च्या पत्रात केले आहे. चंद्रकोरीतून खाली पाहिले की जिन्याची पायरी अंधूक होते. जुन्या वाड्यांतल्या अरुंद, उभ्या जिन्यावर ती पडण्याची जागा आहे, म्हणून उतरताना मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून पाहावे. १९५९ पासून मिळू लागलेल्या प्रोग्रेसिव्ह काचांत रेघ नसते, पण कडेचे दृश्य हलते. सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात आणि किंमत बरीच जास्त असते.

समजुती आणि साठीनंतर

चष्मा लावला की डोळ्याला त्याची सवय लागते आणि नंबर वाढतो, ही सर्वांत चिवट समजूत. नंबर भिंग कडक झाल्याने वाढतो. चष्मा न लावताही तेवढाच वाढतो. सवय लागते ती स्पष्ट दिसण्याची. व्यायामाने, गाजराने किंवा गाईच्या तुपाने भिंग मऊ होत नाही. डोळ्यात मध किंवा कसला रस घालणे तर सरळ धोक्याचे आहे, त्याने जखम आणि पू होऊ शकतो.

एका घरात एकच चाळिशी असणे हेही पाहण्यात येते. खिळ्याला टांगलेली, एक काडी दोऱ्याने बांधलेली. बाप तिने पासबुक बघतो आणि आई तिनेच सुई ओवते. त्याने डोळे बिघडत नाहीत. पण बहुधा आईच्या वाट्याला तिच्या नंबरची काच येत नाही, आणि तिने कधी तसे म्हटलेलेही नसते.

साठीच्या आसपास नंबर जवळजवळ थांबतो, कारण कमी व्हायला ताकदच उरलेली नसते. मग कधी कधी सत्तरीतली आजी एके दिवशी चष्म्याशिवाय पंचांग वाचू लागते आणि ‘नजर परत आली’ म्हणून घरात कौतुक होते. हे मोतीबिंदूचे लक्षण असते. भिंगाचा गाभा घट्ट होऊन डोळा उणे नंबराकडे झुकतो, जवळचे सुधारते आणि लांबचे बिघडते. कालांतराने दोन्ही जातात. शस्त्रक्रियेत जुने भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. नेहमीचे कृत्रिम भिंग एकाच अंतरासाठी, बहुधा लांबसाठी असते आणि फुगू शकत नाही. त्यामुळे पट्टी काढल्यावर लांबची झाडे लख्ख दिसतात, आणि महिनाभराने हातात पुन्हा अडीचचा जवळचा चष्मा येतो. ‘मग ऑपरेशन कशाला केलं?’ हा प्रश्न त्या दिवशी ओपीडीत कुणी ना कुणी विचारतेच.