ऐन आणि अर्जुन: दोन सादड्यांतील फरक

बेळगाव परिसरात अंगणात, शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या आवारात देशी मोठे झाड लावायचे ठरले की सादड्याचे नाव हमखास निघते. अडचण अशी की मराठीत ऐनालाही सादडा म्हणतात आणि अर्जुनालाही अर्जुनसादडा. कन्नडमध्येही दोघांच्या नावांत ‘मत्ती’ आहेच. त्यामुळे रोपवाटिकेत नुसते ‘मत्ती’ मागितले, तर हाती कोणते रोप येईल याची खात्री नसते. मात्र कन्नड नावातच उलगडाही आहे. ऐन म्हणजे करीमत्ती, म्हणजे काळी मत्ती. आणि अर्जुन म्हणजे होळेमत्ती, म्हणजे नदीकाठची मत्ती.

दोन्ही झाडे हिरडा आणि बेहडा यांच्याच टर्मिनेलिया या प्रजातीतली. वाढलेले झाड समोर असेल तर ओळख अगदी सोपी आहे. ऐनाची साल काळपट, जाड आणि उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी दिसते. तर अर्जुनाचे खोड गुळगुळीत, पांढुरके-करडे असते आणि त्याची साल मोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटत राहते. रोपाला मात्र अशी साल नसते, आणि सगळा घोळ तिथेच होतो. अशा वेळी ऐनाचे पान उलटून पाहावे: तळाशी, मध्यशिरेजवळ, बारीक देठावर उभ्या असलेल्या गाठी दिसतात. अर्जुनाच्या गाठी पानाच्या बुडाशी, देठ जिथे पात्याला मिळतो तिथे असतात. त्याहून भरवशाची खूण फळाची आहे. दोघांच्याही फळांना पाच पंख असतात. पण फळ उजेडासमोर धरले की ऐनाच्या पंखावरच्या रेषा सरळ आडव्या कडेपर्यंत गेलेल्या दिसतात, तर अर्जुनाच्या पंखावरच्या रेषा वर वळत जातात. रोपे स्वतः तयार करणाऱ्याने पडलेली फळे वेचतानाच हे पाहून घ्यावे, आणि ज्या झाडाखालची फळे आहेत त्याच्या खोडावर एकदा हात फिरवावा.

निवड करताना माझ्या मते जागेतले पाणी आधी पाहावे, सौंदर्य नंतर. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा खानापूर तालुक्यातून वाहते. अशा नदी-ओढ्यांचे काठ ही अर्जुनाची हक्काची जागा. विहीर, तळे, पाट किंवा पावसाळ्यात पाणी रेंगाळणारा सखल कोपरा असेल, तर अर्जुनच लावावा. त्याची सावली दाट असते आणि मुळे काठाची माती धरून ठेवतात. जांबोटी-लोंढ्याकडच्या जंगलात मात्र ऐन हे नेहमीचे झाड आहे. निचरा होणाऱ्या तांबड्या मातीच्या उतारावर तो चांगला वाढतो, आणि उन्हाळ्यात त्याच्या खोडात पाणी साठलेले असू शकते. तो सावकाश वाढतो आणि उन्हाळ्यात काही काळ निष्पर्ण असतो. भर एप्रिलमध्ये सावली हवी असेल तर ही गोष्ट विचारात घ्यावी. पण केवळ एवढ्यासाठी ऐनाला नकार देणे मला पटत नाही, कारण याच डोंगरउतारांचे हे झाड वस्तीजवळ फार कमी लावले जाते.

दोघेही मोठे वृक्ष आहेत. शहरातल्या अरुंद अंगणात, कंपाउंडच्या भिंतीला खेटून किंवा विजेच्या तारांखाली यांपैकी एकही लावू नये. सार्वजनिक जागेत अर्जुनाला आणखी एक धोका असतो. त्याची साल औषधी म्हणून प्रसिद्ध असल्याने येणारेजाणारे ती खरवडून नेतात, आणि साल खोडाभोवती पूर्ण निघाली तर झाड मरते. म्हणून अशा ठिकाणी पहिली काही वर्षे काटेरी कुंपण ठेवावे, आणि लागवड पहिला चांगला पाऊस होऊन माती खोलवर भिजल्यावरच करावी.