कारप्युटर (घरी जुळवलेला गाडीतला कम्प्युटर)

कारप्युटर म्हणजे गाडीत कायमचा बसवलेला कम्प्युटर, आणि तोही दुकानातून आणलेला तयार अँड्रॉइड स्टिरिओ नाही, तर स्वतः जुळवलेला: बोर्ड एकीकडून, स्क्रीन दुसरीकडून, पॉवर सप्लाय तिसरीकडून आणि वायरिंग घरच्या अंगणात. 'कार' आणि 'कम्प्युटर' जोडून हा शब्द झालाय, घरातल्यांच्या तोंडी मात्र 'ते गाडीत काय काय लावून ठेवलंय ते' एवढंच. गाणी, नकाशा, रिव्हर्स कॅमेरा आणि इंजिनचे आकडे ही त्याची मुख्य कामं, आणि खरं सांगायचं तर यातली बरीचशी आज फोन करतो, त्यामुळे हा सगळा हौसेचा मामला आहे.

नवशिक्याला वाटतं की यात कठीण काम कम्प्युटरचं असणार. तसं नाहीये. बोर्डावर सॉफ्टवेअर टाकणं एका रविवारचं काम, कठीण आहे ते त्याला गाडीतून नीट वीज देणं आणि वेळेवर नीट बंद करणं, अर्धवट राहिलेले बहुतेक कारप्युटर इथेच अडकलेले असतात.

इतिहास

कारखान्यातून आलेला पहिला मोठा प्रयत्न १९९८ चा, क्लॅरिऑनचा ऑटो पीसी, विंडोज सीईवर (छोट्या उपकरणांसाठीची विंडोज) चालणारा. १९९९ मध्ये एम्पेग कार नावाचा लिनक्सवर चालणारा एमपी३ प्लेअर आला. हौशी लोक तेव्हा डिकीत अख्खा डेस्कटॉप किंवा जुना लॅपटॉप ठेवून इन्व्हर्टरवर चालवायचे. व्हिया कंपनीने २००१ मध्ये मिनी आयटीएक्स बोर्डाचं माप आणलं, १७ गुणिले १७ सेंटिमीटर, तिथून हे सीटखाली मावायला लागलं. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डावरचा अख्खा कम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय') आला आणि बोर्ड हातावर मावेल एवढा झाला. पुढे २०१४ मध्ये फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारे कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो जाहीर झाले आणि हौस जरा ओसरली, संपली मात्र नाही.

वीज

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असं आपण म्हणतो पण ती १२ वर कधी थांबत नाही. मल्टिमीटर लावून बघा, चावी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ दाखवेल, सेल्फ मारला की आकडा एकदम ९ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली जाईल (आणि साधं मीटर तेवढ्यात पुरतं खाली पोचतही नाही, खरा खड्डा त्याहून खोल असतो), इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.४. ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन सुटलं तर क्षणभर कित्येक दहा व्होल्टचा झटका लाइनवर येतो. घरातल्या कम्प्युटरला असलं काही कधी सोसावं लागत नाही.

म्हणून इन्व्हर्टरवाली पद्धत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट, १२ चे २३० करायचे आणि लगेच २३० चे परत १२ आणि ५ करायचे, दोन्हीकडे गळती, वर पंख्याचा आवाज. त्यापेक्षा गाडीसाठीच बनवलेला डीसी ते डीसी सप्लाय घ्यावा. मिनी आयटीएक्सवाल्यांमध्ये एम२-एटीएक्स प्रसिद्ध आहे, तो ६ ते २४ व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी बोर्डाला हवं ते देत राहतो, त्यामुळे सेल्फ मारताना कम्प्युटर रीस्टार्ट होत नाही.

रास्पबेरी पायला ५ व्होल्ट लागतात, पाय ४ ला ३ अँपिअरपर्यंत. इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: बॅटरीजवळ ५ व्होल्ट तयार करायचे आणि तीन मीटर बारीक यूएसबी केबलने मागे न्यायचे. वाटेतच अर्धा व्होल्ट गळतो, ४.६३ च्या खाली गेलं की पाय स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकवतो आणि स्वतः हळू होतो, आणि आपण बसतो सॉफ्टवेअरला शिव्या देत. १२ व्होल्ट जाड वायरने पार बोर्डापर्यंत न्या आणि कन्व्हर्टर तिथे वीतभर अंतरावर लावा. फ्यूज मात्र उलट, तो बॅटरीपासून वीतभरात पाहिजे, कारण वायर कुठे सोलवटून बॉडीला लागली तर जळणार ती बॅटरी आणि फ्यूजच्या मधलीच.

बंद करणं

चावी काढली की गाडीचा डेक मरतो, त्याला काही होत नाही. कम्प्युटर तसा मारला तर आज नाही उद्या मेमरी कार्ड खराब होणार. त्यामुळे त्याला दोन वायरी द्याव्या लागतात, एक कायम बॅटरीची (स्टिरिओच्या जुडग्यात बहुधा पिवळी) आणि एक चावीवरची, जिला मेकॅनिक एसीसी म्हणतात (बहुधा लाल). रंगावर विश्वास न ठेवता मीटरने तपासायचं. लाल मेली की सप्लाय बोर्डाला 'आता आवर' असा इशारा देतो, तो नीट शटडाउन होतो, मिनिटभराने पिवळी पण तोडली जाते. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना एसीसी क्षणभर मरते, म्हणून इशारा पाच-दहा सेकंद थांबूनच द्यायचा, नाहीतर गाडी चालू होतेय आणि कम्प्युटर बंद. पायच्या पिनला ३.३ व्होल्टच चालतात, एसीसीचे १२ थेट दिले तर बोर्ड गेलाच, मध्ये ऑप्टोकपलर (वायरी न जोडता नुसता इशारा प्रकाशाने पलीकडे देणारा छोटा भाग) टाकावा, काही रुपयांत येतो.

आणि पिवळी तोडायची कशाला? हिशोब करा. छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर अवरची. कम्प्युटर अर्धा अँपिअर जरी ओढत राहिला तर कागदावर ७० तास, पण सेल्फ मारायला दम त्याच्या खूप आधी संपतो, म्हणजे शनिवारी संध्याकाळी गाडी लावली तर सोमवारी सकाळी शेजाऱ्याला धक्का मारायला हाक. इंदुरातल्या लोकमान्य नगरच्या चढावर आमच्या बाबांनी हा धक्का मारलाय आणि तेव्हापासून ते त्या डब्याला 'तुझा भाडेकरू' म्हणतात.

इंदुरात सामान

बोर्ड, एसएसडी, केबली यांच्यासाठी आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल, मोबाइलचे भाग आणि चार्जर मॉड्यूल जेल रोडवर नॉव्हेल्टी आणि डॉलर मार्केटकडे, वायर, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), फ्यूज होल्डर सियागंजात. दुकानदाराला 'कम्प्युटरसाठी पाहिजे' सांगितलं की तो वेगळीच वस्तू काढतो, 'गाडीत फॉगलॅम्प लावायचेत भिया' म्हटलं की बरोबर जाडीची वायर मिळते. लगवर पक्कड दाबून चालत नाही, क्रिम्पिंगचं खास हत्यार लागतं, आणि इथला फायदा असा की पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणारा कोणी ना कोणी ओळखीत निघतोच.

बसवणं

डॅशबोर्डवरच्या मोठ्या खणाचं माप, म्हणजे डबल डिन, १८ गुणिले १० सेंटिमीटर, त्यात सात इंची टचस्क्रीन बसते, मूळ डेक काढून माळ्यावर जपून ठेवायचा. फ्रेम लोक एमडीएफची करतात, पुटी लावून पॉलिश पेपर मारून काळा रंग. बोर्ड सीटखाली ठेवावा. तिथे पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या.

बोर्ड डॅशबोर्डवर का नाही, तर उन्हामुळे. मे महिन्यात इंदुरात बाहेर ४०-४२ डिग्री असतं तेव्हा काचा बंद गाडी आत साठच्या वर जाते, लॅपटॉपच्या हार्डडिस्कची मर्यादा साधारण तिथेच संपते आणि पाय ८० ला पोचला की वेग कमी करायला लागतो. एसएसडी घ्या, हार्डडिस्क खड्ड्यांनी पण मरते.

स्पीकरमधून कुईं असा आवाज येतो आणि एक्सिलरेटर दाबला की तो वर चढतो, हा ऑल्टरनेटरचा आवाज. अँप्लिफायर आणि कम्प्युटरचं अर्थिंग (निगेटिव्ह वायर) बॉडीला वेगवेगळ्या ठिकाणी केलं की होतो, दोघांचं अर्थिंग एकाच बोल्टवर घ्या, तिथला रंग खरवडून. तरी राहिला तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (असा आवाज अडवणारी छोटी डबी).

इंजिनचे आकडे

माझ्या मते सगळ्यात मजेचा भाग हाच. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीची तपासणी करायला मेकॅनिक यंत्र लावतो ते) असतं, भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्यात ईएलएम३२७ चिपवाला ॲडॉप्टर लावायचा (बाजारातले बहुतेक नकली, पण साध्या कामाला चालतात). मग कम्प्युटरने विचारायचं '०१ ०५', म्हणजे कूलंट किती तापलंय, आणि गाडी उत्तर देते '४१ ०५ ७बी'. ७बी हा हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीतला आकडा, आपल्या मोजणीत १२३, त्यातून ४० वजा, ८३ डिग्री. साध्या काट्याला जे दाखवता येत नाही ते कळतं, खंडवा रोडला भेरूघाट चढताना आकडा एकेक डिग्री वर सरकताना दिसतो. त्याच घाटात फोनचं नेटवर्क जातं, म्हणून नकाशा ऑफलाइन ठेवलेला बरा.

कायदा आणि वॉरंटी

गाडी चालवताना हातात फोन धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये आलं, फिक्स स्क्रीन त्यात येत नाही, पण चालवताना समोर पिक्चर लावणं मूर्खपणाच आहे, हँडब्रेकच्या स्विचवर व्हिडिओ बंद करणारी वायर घ्या. वॉरंटीतली गाडी असेल तर मूळ वायर कापायची नाही, मधला कपलर विकत मिळतो.

गाडी विकताना सगळं काढून माळ्यावरचा डेक परत बसवायचा. गिऱ्हाईक कन्सोलमधलं स्क्रूचं भोक दाखवून दोन हजार कमी करायला सांगतो, त्याला फोन होल्डरचं भोक आहे म्हणून सांगतात.