आरव्हीतला प्रोपेन अडला, तर ऊब कुठून आणायची?

अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन निघणाऱ्यांची उबेसाठी सगळी भिस्त सिलिंडरमधल्या प्रोपेन गॅसवर असते. उणे १५ अंशांत हीटर थंड पडला की पहिला संशय सिलिंडरवर जातो. पण प्रोपेन उणे ४२ अंशांवरच उकळून वायू होतो. सिलिंडर अगदी तळाला गेलेला नसेल, तर एवढ्या थंडीत तो सहसा दगा देत नाही.

आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा. हीटरचा पंखा १२ व्होल्टवर चालतो. त्याच्या वाऱ्यानं एक पातळ पाती ढकलली गेली, तरच स्विच जोडला जातो आणि गॅसची झडप उघडते. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास उतरलं की पंख्याचा आवाज येत राहतो, पण पाती पुरेशी हलत नाही. सिलिंडर भरलेला आणि गाडी गारठलेली, असा प्रकार होतो.

व्होल्टेज ठीक असेल तर शेगडी पेटवून पाहा. ज्योत बारीक असेल, तर सिलिंडर झटक्यात उघडल्यामुळे सुरक्षा झडपेनं प्रवाह आवळलेला असू शकतो. सगळी उपकरणं आणि सिलिंडर बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग सिलिंडरची चावी हळूहळू फिरवा. दुसरी शक्यता रेग्युलेटरची: तिथं दाब उतरताना गॅस आणखी गार होतो आणि त्यातला ओलावा गोठून छिद्र बुजू शकतं. तसं झालं तर रेग्युलेटरवर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं ठेवा. आगीची ज्योत तिथं कधीही नेऊ नका. गॅसचा वास आला, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सिलिंडर बंद करून सगळ्यांनी बाहेर पडावं.

बॅटरीवर इलेक्ट्रिक हीटर लावण्याचा मोह टाळा. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-तास वीज असते. १५०० वॉटचा हीटर ती पाऊण तासात संपवतो. त्याच बॅटरीवर ५० वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट रात्रभर चालून निम्म्याहून जास्त वीज उरते. गाडी तापवण्यापेक्षा माणूस तापवणं केव्हाही स्वस्त! मात्र शून्याखाली ही बॅटरी चार्ज करू नका. आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते.

खरा पर्याय म्हणजे डिझेल हीटर. २ किलोवॉटचा हीटर तासाला पाव लिटरच्या आत डिझेल घेतो. पेटताना काही मिनिटं ८-१० अँपिअर आणि नंतर जेमतेम १-२ अँपिअर लागतात. धुराचा पाइप गाडीबाहेरच काढायचा आणि टाकीत हिवाळी डिझेलच भरायचं. साधं डिझेल थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. बंद करताना वीज एकदम तोडू नये, पंख्याला आतला भाग थंड करू द्यावा.

पेट्रोल जनरेटर गाडीपासून निदान ६ मीटर दूर ठेवावा, धूर खिडक्यांकडे येऊ देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे अलार्म चालू आहे ना, हे झोपण्यापूर्वी बटण दाबून तपासा.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. पुष्कळ आरव्हींमध्ये मूळ हीटरचीच गरम हवा खालच्या पाण्याच्या टाकीभोवती फिरवलेली असते. दुसऱ्या हीटरनं माणसं उबेत राहतात, पण फरशीखालचे पाइप गोठून फुटतात. म्हणून मूळ हीटर रात्रभर बंद राहणार असेल, तर टाकी आणि पाइप आधीच रिकामे करा. पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून आत ठेवा.