लोखंड आणि कप्पी : व्यायामशाळेतील एका विभागणीची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या नव्या वसाहतींतील वातानुकूलित जिमपासून अंबाजोगाई, उदगीर, सेलू अशा तालुक्याच्या गावांतील पत्र्याच्या शेडपर्यंत ताकदीचा व्यायाम आज साधारण एकाच क्रमाने चालतो. आधी रॉड आणि डंबेल, मग केबल, म्हणजे कप्पीवरून जाणाऱ्या तारेने वजनाची थप्पी ओढायचे साधन. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट किंवा खांद्याचा प्रेस यांपैकी त्या दिवशीचे जे मुख्य असेल ते ताज्या अंगाने उरकायचे आणि उरलेली वीस-पंचवीस मिनिटे लॅट पुल, रोइंग, क्रॉस या केबलवरच्या ओढण्याच्या व्यायामांना द्यायची, हे इतके अंगवळणी पडले आहे की यात कधी काळी वाद होता हे नव्या पोरांना सांगूनही खरे वाटत नाही. खरा व्यायाम रॉडचा की मशीनचा, असा तो वाद होता, आणि तो बराच काळ चालला. त्याचे मूळ व्यायामात कमी आणि ‘मशीन’ या एका शब्दात जास्त आहे.

मराठवाड्यापुरता आरंभ तालमीत सापडतो. तांबडी माती, दंड-बैठका, जोर, मुदगल, गदा आणि दगडी नाल एवढ्या सामग्रीवर इथल्या पिढ्या घडल्या. निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात आखाडे चालवण्यावरही परवानगीची बंधने होती, त्यामुळे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथली तालीम ही निव्वळ व्यायामाची जागा राहिली नव्हती. लोखंडी वजने आली ती पुण्या-मुंबईकडून, उशिरा आणि थोडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातील एक नामांकित बलोपासक हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेला. त्याचे डंबेल किती जणांच्या हाती पडले हे सोडून द्यावे, पण त्याचे नाव आपल्या अंगावरच्या बनियनला कायमचे चिकटले. दोरी-कप्पी मात्र तालमीत नव्हती. ती आडावर होती, आणि तिथे पाणी शेंदणाऱ्या बाईच्या पाठीला व खांद्याला जो व्यायाम होई, त्याला कोणी व्यायाम म्हटले नाही.

बाहेरच्या जगातील क्रम नेमका उलटा आहे. आज ज्याला फ्री वेटचे, म्हणजे हातात सुट्या धरायच्या वजनांचे, प्रतीक मानले जाते त्या डंबेलचे नावच मुळी दोरीच्या साधनावरून पडलेले आहे. इंग्लंडमध्ये चर्चची घंटा वाजवण्यासाठी दोर ओढण्याची जी कसरत होई, तिच्यासारखेच, पण घंटा नसलेले एक साधन व्यायामासाठी वापरले जाई. ते वाजत नसे म्हणून ती ‘मुकी घंटा’. पुढे दोर गेला, नाव उरले आणि ते दोन टोकांना गोळे असलेल्या दांड्याला मिळाले. म्हणजे केबल ही नंतर आलेली चैन असून खरे लोखंड त्याआधीचे, ही आपल्याकडच्या रॉडवाल्यांची आवडती मांडणी निदान शब्दाच्या इतिहासात तरी टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकाचे थोडक्यात सांगता येते. १८६५ मध्ये स्टॉकहोमला एका वैद्याने यंत्रांवर व्यायाम देणारी संस्था काढली, आणि शतक संपेपर्यंत अमेरिकी महाविद्यालयांच्या व्यायामगृहांत भिंतीला टांगलेल्या कप्प्या व वजने दिसू लागली. १९०२ मध्ये फिलाडेल्फियात प्लेटा बदलता येणारा बारबेल विक्रीला आला, आणि वजन थोडे-थोडे वाढवत नेणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात अनेक जणांना एकाच वेळी वापरता येईल असा बहुस्थानकी सांगाडा तयार झाला. १९७० मध्ये शंखाच्या आकाराची कप्पी असलेली यंत्रे बाजारात आली. कप्पी गोल नसल्यामुळे हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर भार बदलत असे, आणि जिथे स्नायूचा जोर जास्त तिथे भारही जास्त, ही त्यामागची कल्पना होती. १९७३ मध्ये याच यंत्रांवर कोलोरॅडोत २८ दिवसांचा एक प्रयोग करण्यात आला आणि त्यात एका शरीरसौष्ठवपटूने ६३ पौंड स्नायू कमावल्याचे जाहीर झाले. तो गडी आधीच कमावलेले आणि अपघात व आजारपणात गमावलेले शरीर परत मिळवत होता, हे जाहिरातीत तेवढ्या ठळकपणे आले नाही. मशीनवर अविश्वास ठेवणाऱ्यांना त्या प्रयोगाने पुढची कित्येक वर्षे दारूगोळा पुरवला.

आपल्याकडे हा वाद मल्टीजिमच्या, म्हणजे त्याच बहुस्थानकी सांगाड्याच्या, रूपाने पोहोचला. मेरठ-जालंधरकडून ट्रकने येणारे ‘बारा स्टेशन’ किंवा ‘सोळा स्टेशन’ मल्टीजिम ही काही काळ प्रत्येक सार्वजनिक व्यायामशाळेची आकांक्षा होती. अनुदान मिळाले किंवा एखाद्या लोकप्रतिनिधीचा निधी पदरात पडला की पहिली मागणी त्याचीच होई, कारण उद्घाटनाच्या छायाचित्रात ते भरगच्च दिसे. त्याच रकमेत दोन भक्कम रॅक, चार रॉड, पाचशे किलो प्लेटा आणि वेगळी एक केबल बसली असती. तसा आग्रह धरणारे लोक प्रत्येक समितीत एक-दोन तरी असत, आणि ते बहुतेक वेळा हरत. ज्या व्यायामशाळेत मी वाढलो तिथे हॉलचा मधला पूर्ण भाग या सांगाड्याने व्यापला, आणि रॉड उचलणाऱ्यांना दाराजवळच्या फरशीवर जागा मिळाली, जिथे प्लेट खाली टेकली की खालच्या दुकानदाराचा आवाज वर येई. समितीचा हेतू वाईट नव्हता. नवशिक्याच्या छातीवर रॉड पडण्याचा प्रसंग मशीनवर येत नाही, आणि ज्या गावात शिकवणारा कोणी नाही तिथे हा मुद्दा किरकोळ नसतो. तरीही त्या निर्णयाची किंमत पुढच्या दहा-बारा वर्षांत ज्यांनी मोजली, त्यांची गणना कोणत्याच अहवालात झाली नाही.

इथेच शब्दाचा गुंता सुरू होतो. मल्टीजिममध्ये छातीचा प्रेस, पायाचा प्रेस आणि लॅट पुल एकाच सांगाड्यात असल्यामुळे तिन्हींना ‘मशीन’ म्हणायची सवय लागली, आणि पुढे स्वतंत्र केबल आली तेव्हा तीही त्याच नावाखाली गेली. साहित्याच्या नोंदवहीत तर रकानेच दोन असत : वजने आणि यंत्रे. पण छातीच्या प्रेसमध्ये दांडा बिजागरीवर फिरतो, त्याचा मार्ग लोहाराने ठरवलेला असतो आणि माणसाचा सांधा त्या मार्गाला शरण जातो. केबलमध्ये ठरलेली असते ती फक्त कप्पीची जागा. हातातली मूठ कुठेही नेता येते, ती डगमगली तर सावरावी लागते, आणि धड सरळ ठेवण्याची जबाबदारी ओढणाऱ्याचीच असते. या अर्थाने केबल ही डंबेलची सख्खी बहीण आहे, छातीच्या प्रेसची नव्हे. फरक एवढाच की डंबेलचा ओढा नेहमी जमिनीकडे असतो, आणि केबलचा कप्पीकडे.

हा फरक लहान वाटतो, पण दोन्ही साधने एकत्र वापरण्याचे सगळे कारण त्यात आहे. डंबेल घेऊन हात बाजूला उचलताना सुरुवातीला खांद्यावर जवळपास काहीच भार नसतो, आणि हात आडवा झाला की तो सर्वाधिक होतो, कारण वजन सांध्यापासून आडव्या अंतरात तेव्हा सर्वांत लांब असते. तीच हालचाल केबलवर, कप्पी मनगटाच्या उंचीला लावून आणि दोर अंगासमोरून आडवा घेऊन केली, तर हात खाली असतानाच दोर त्याच्याशी काटकोनात येतो आणि सर्वाधिक भार आरंभीच पडतो. छातीच्या फ्लायचेही, म्हणजे पसरलेले हात छातीसमोर एकत्र आणण्याच्या व्यायामाचेही, तसेच. डंबेल वर एकमेकांजवळ आले की हाडांवर हाड उभे राहते आणि छाती मोकळी होते, केबलवर मात्र तिथेही ओढ कायम राहते. म्हणून केबल म्हणजे डंबेलची सौम्य आवृत्ती, हे म्हणणे चूक आहे. डंबेल जिथे सुटी देतो तिथे केबल काम लावते, आणि उलटही.

दुसरा गुंता किलोंचा. आडावरची एकच कप्पी फक्त दिशा बदलते, पोहरा दहा किलोचा असेल तर दोरालाही दहा किलोचाच जोर लागतो. जुन्या मल्टीजिमचा लॅट पुल बहुधा याच प्रकारचा असे. पण हल्ली तालुक्याच्या जिममध्येही येऊ लागलेल्या दोन खांबांच्या केबलमध्ये वजनाच्या थप्पीवर फिरती कप्पी असते. ८० किलोला पिन लावली तरी हातावर साधारण ४० किलोच येतात, आणि मूठ एक मीटर पुढे गेली तर थप्पी अर्धा मीटरच उचलली जाते. घर्षणाचा हिशेब वेगळाच. त्यामुळे नांदेडला ७० ओढणारा मुलगा परभणीला येऊन ४० वर अडला तर तो अशक्त झाला असे होत नाही, आणि याउलट झाले तर पेढे वाटण्याचेही कारण नसते. रॉडकडे ही सोय नाही, असे रॉडवाले अभिमानाने सांगतात. पण स्पर्धेचा रॉड २० किलोचा असतो म्हणून आपल्याकडचा एक इंची, सहा फुटी साधा रॉडही वीस धरून वहीत लिहिणारे त्यांच्यातच कमी नाहीत.

फिरत्या कप्पीचा आणखी एक परिणाम क्वचितच बोलला जातो. हातावर ४० किलो जाणवत असले तरी झटक्याने ओढताना जे वस्तुमान हलवावे लागते ते जणू २० किलोचेच असते, म्हणून अशी केबल वेगाच्या सरावाला हलकी आणि चपळ लागते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना याचा शोध गरजेतून लागला. भरतीच्या गोळाफेकीत मुलांसाठी गोळा ७.२६० किलोचा. नुसत्या बेंचने छाती वाढते, गोळा दूर जातोच असे नाही. स्क्वॉट आणि प्रेसने कमावलेला जोर कमरेच्या वळणातून हातापर्यंत पोहोचावा लागतो, आणि कप्पी कमरेच्या उंचीला लावून तिरकस वर ढकलण्याचा सराव त्या वाटेला जवळचा आहे. बीड, हिंगोली, परभणीकडच्या ज्या जिममध्ये पहाटे भरतीची मुले येतात, तिथे रॉड आणि केबल यांची सांगड ज्ञानापेक्षा गोळाफेकीच्या गुणांच्या हिशेबाने लवकर बसली, असे माझे निरीक्षण आहे.

संशोधनाने वादाची धार बरीच बोथट केली आहे. अलीकडच्या एकत्रित विश्लेषणांत स्नायूंच्या वाढीच्या बाबतीत फ्री वेट आणि यंत्रे यांत ठोस फरक आढळत नाही. ताकद मात्र ज्या साधनावर कमावली त्याच साधनावर अधिक दिसते. एका जपानी अभ्यासात केबलवर, हात डोक्याच्या वर ठेवून केलेल्या ट्रायसेप्सच्या (दंडामागच्या स्नायूच्या) व्यायामाने १२ आठवड्यांत हात खाली ठेवण्यापेक्षा जास्त वाढ झाली. स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पडणे महत्त्वाचे, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. रॉड आधी आणि केबल नंतर या क्रमाचे कारण मात्र सुरक्षिततेचे आहे. ज्या उचलीत तोल, पाठ आणि अनेक सांधे एकत्र लागतात ती थकलेल्या अंगाने करणे धोक्याचे, तर केबलवर दमल्यानंतर मूठ सोडून दिली तरी थप्पी आदळण्यापलीकडे बहुधा काही घडत नाही.

राहिला देखभालीचा प्रश्न, जो खरेदीच्या बैठकीत कोणी काढत नाही. भारनियमनाच्या वर्षांत ट्रेडमिल तासन् तास मुकाट उभे असत तेव्हा रॉड आणि केबल दोन्ही चालू होत्या, हे केबलच्या बाजूने सांगायला हवे. पण मार्च ते जूनची धूळ मार्गदर्शक दांड्यांवर बसते, कोणीतरी हौसेने त्यावर ग्रीस लावतो, धूळ त्यात कालवली जाते आणि थप्पी मध्येच अडून खाली धपकन येते. तिथे सिलिकॉनचा पातळ फवारा लागतो, तोही दांडा पुसून घेतल्यावर. तारेवरचे प्लास्टिक आधी मुठीजवळच्या गोळ्यापाशी तडकते. आमच्याकडे त्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतात, टेपखाली पोलादाचे धागे एकेक सुटत जातात, आणि एके दिवशी तार बदलायलाच लागते. ती मापाने मागवावी लागते. येईपर्यंत आठ-दहा दिवस त्या बाजूची कप्पी बंद राहते, आणि मुले डंबेल घेतात.